पाच पीएलसी आणि एकच लॅपटॉप, एका केबलवर जमेल का?

टॉवेलवाला_एमआयडीसी:
नमस्कार मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, डाईंगला पाच मशिनी, पाचीवर डेल्टा कंपनीचे डीव्हीपी पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे छोटे कंट्रोलर. एक टायमर बदलायचा म्हटलं तरी लॅपटॉप काखेत मारून पॅनल टू पॅनल फिरायचं, त्यात आत वाफ आणि बाहेर सोलापूरचा मे. प्रोग्रामिंग केबललाच जोड मारून पाच ठिकाणी नेली तर ऑफिसातून सगळे दिसतील का?

पॅनलमास्तर:
जोड अजिबात मारू नका मालक. ती केबल आरएस-२३२ ची, एका टोकाला एकच गडी. तुम्हाला आरएस-४८५ पाहिजे, त्यात एकाच वायरवर बरेच गडी बसतात. यूएसबीचा कन्व्हर्टर घ्या आणि पीएलसीच्या कॉम-२ पोर्टला प्लस मायनस जोडा. वायर एका पॅनलमधून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात अशी ओळीनं न्यायची, मधेच फाटे नकोत, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, ट्विस्टेड शील्डेड वायर, आणि व्हीएफडीच्या (मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह) मोटर केबलपासून लांब. अंतराचं टेन्शन नाही, ९६०० बॉडच्या डेटा स्पीडला १२०० मीटरपर्यंत चालतं.
खरी गंमत स्टेशन नंबरची, म्हणजे वायरवर प्रत्येक पीएलसीच्या पत्त्याची. कंपनीतून सगळे १ नंबरवरच येतात, तसेच जोडले तर पाची एकदम उत्तर देणार आणि सॉफ्टवेअरला कायच कळणार नाही. आधी एकेकाला जुन्या केबलनं धरून डी११२१ मध्ये (पीएलसीच्या मेमरीतली पत्त्याची जागा) १ ते ५ नंबर टाका.

टॉवेलवाला_एमआयडीसी:
कॉम-२ वर आधीच व्हीएफडी जोडलेत की ओ, स्पीड तिथूनच जातो.

पॅनलमास्तर:
मग त्या पोर्टचा नाद सोडा. तिथं पीएलसी स्वतः मास्टर आहे, म्हणजे हुकूम तोच सोडतो, लॅपटॉप दुसरा मास्टर झाला तर दोघंबी अडकतील. मॉडेल नंबर बघून सांगा.

रंगखाना:
एसई मॉडेल असेल तर इथरनेट पोर्ट आहेच त्याला. साधा नेटवर्क स्विच टाका, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) प्रत्येकाचा वेगळा, १९२.१६८.१.११ पासून पुढं, सबनेट २५५.२५५.२५५.०, लॅपटॉप त्याच रेंजमध्ये. फक्त ऑफिसच्या वायफायला हे नेटवर्क जोडू नका राव.
आणि एक, ऑफिसातून बघायचं तेवढं बघा, पण डाउनलोड मारताना, म्हणजे लॅपटॉपमधून पीएलसीत प्रोग्राम टाकताना, मशीनपाशी माणूस उभा करा. ३ नंबरचा प्रोग्राम ४ ला गेला आणि आत १३० डिग्रीला पॉलिस्टर शिजत असेल तर नुसता लॉट जाणार नाही, माणूसबी भाजेल. आधी पाचींचा अपलोड घेऊन ठेवा, म्हणजे पीएलसीतला प्रोग्राम लॅपटॉपमध्ये, फाइलला मशीनचं नाव द्या.

टॉवेलवाला_एमआयडीसी:
तीन एसई निघाले, दोन जुने ईएस२. एसईंना स्विच टाकतो, ईएस२ ला सध्या जुनीच केबल.