मदत हवी आहे: हायपरस्पेक्ट्रल सेन्सरला रोलिंग शटर चालेल का?

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्यात व्हीएलएसआयमध्ये (चिप डिझाइन) एम.टेक. करतेय. प्रोजेक्टला उपग्रहावरच्या हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याचा (प्रत्येक जागेचा प्रकाश अनेक अरुंद रंगपट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये, मोजणारा) सीमॉस सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) घेतलाय आणि पिक्सेलपाशीच अडकलेय.

आकडे इस्रोच्या हायसिस या हायपरस्पेक्ट्रल उपग्रहाचे धरलेत (२९ नोव्हेंबर २०१८, पीएसएलव्ही-सी४३): कक्षा ६३६ किमी, जमिनीवरचा पिक्सेल ३० मीटरचा, डिटेक्टर १००० × ६६. ती चिप अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने डिझाइन केली आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत बनली. एवढ्या जवळ हे काम झालंय, म्हणूनच हा विषय घ्यायची हिंमत केली.

कॅमेऱ्यात जमिनीची एक आडवी पट्टी फटीतून येते आणि तिचे रंग पसरतात. माझ्या मांडणीत १००० कॉलम म्हणजे जागा, ६६ रो म्हणजे तरंगलांबी (बँड). उपग्रह जमिनीवरून सेकंदाला सुमारे ६.९ किमी सरकतो, म्हणजे ३० मीटरला जेमतेम ४.४ मिलिसेकंद.

अडचण अशी. फोर-टी पिक्सेल (चार ट्रान्झिस्टरचा) आणि रोलिंग शटर घेतलं तर नॉइज कमी राहतो, पण रो एकामागून एक उघडतात. वाचनाला सगळे ४.४ मिलिसेकंद लागले तर पहिल्या आणि शेवटच्या बँडमध्ये ३० मीटरचा फरक पडतो. करजणला माझ्या मामांचा कापूस आहे, शेजारी एरंडी. शेताच्या कडेला निळा बँड कापसाचा आणि इन्फ्रारेड एरंडीचा आला, तर त्या स्पेक्ट्रमवरून पिकाबद्दल काय सांगणार?

ग्लोबल शटर (सगळे पिक्सेल एकदम उघडतात) घेतलं तर पिक्सेलमध्ये साठवणीचा नोड येतो, प्रकाशासाठीची जागा घटते. ४०० नॅनोमीटरपाशी आधीच सिलिकॉनला सिग्नल कमी मिळतो, तिथे हे परवडत नाही. कुणी असं डिझाइन केलंय का? काय निवडावं?

प्रतिसाद: शटर बदलण्याआधी सेन्सर ९० अंशांत फिरवून बघा. रो म्हणजे जागा, कॉलम म्हणजे बँड. मग एका जागेचे सगळे ६६ बँड एकाच क्षणी उघडतात आणि स्पेक्ट्रम शाबूत राहतो. रोलिंगमुळे फक्त चित्र तिरकं होतं. ते जमिनीवर सरळ करता येतं. शिवाय प्रत्येक कॉलमला वेगळा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) देता येईल, निळ्याला जास्त. किंमत एकच: रोमागे ६६ मायक्रोसेकंद मिळत होते, ते ४.४ होतील.

धागाकर्ती: हे सुचलंच नव्हतं, मनापासून आभार! ४.४ मायक्रोसेकंदात सिंगल-स्लोप एडीसी (सिग्नलचा आकडा करणारं सर्किट, पायरीपायरीने मोजणारं) १२ बिटला पुरणार नाही असं वाटतंय. पण कॉलम ६६च, त्यामुळे एसएआर एडीसीला (दर टप्प्याला एक बिट ठरवणारा, वेगवान प्रकार) जागा देताना हात आखडता घ्यावा लागणार नाही. कुणी तो १२ बिटला वापरलाय का?