बारा बोअरचा स्लग मोठ्या जनावरासाठी कितपत भरवशाचा?

दिंडोरीकर
नमस्कार मंडळी. आमच्या घरी आजोबांची बारा बोअरची दुनळी आहे आणि तिचा परवाना आता वडिलांच्या नावावर आहे. आजोबा १९७२ पूर्वी परवाना काढून पेठ-सुरगाण्याच्या रानात शिकारीला जात. बंदुकीत छऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी, म्हणजे स्लग, भरली, तर चाळीस पावलांपलीकडे ती डुकरावर टाकू नये, असे ते बजावून सांगत. माझा चुलतभाऊ मात्र अमेरिकेत ओहायोत राहतो आणि तेथील हंगामात बारा बोअरच्याच स्लगने शंभर मीटरवरून हरीण पाडल्याचे सांगतो. दोघांपैकी खरे कोणाचे मानावे? मला शिकार करायची नाही, केवळ समजून घ्यायचे आहे.

गंगापूर रोडवरचा नेमबाज
दोघांचेही खरे आहे, कारण दोघांच्या नळ्या वेगळ्या आहेत.

आधी ताकदीचे पाहू. नेहमीचा एक औंसाचा, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमचा फॉस्टर स्लग नळीतून सेकंदाला साधारण ४७५ मीटर वेगाने निघतो आणि त्याची ऊर्जा ३२०० ज्यूलच्या आसपास असते. एवढ्या ऊर्जेला हरीण सोडाच, रानडुक्करही जवळून उभे राहत नाही. मात्र १८ मिलिमीटर व्यासाचा हा बोथट तुकडा हवेत फार लवकर मंदावतो. ९० मीटरवर वेग ३०० मीटरच्या खाली येतो, ऊर्जा १२५० ज्यूलच्या घरात उरते, आणि पुढे गोळी इतक्या झपाट्याने खाली येते की अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी ती फुफ्फुसाऐवजी पायाला लागते.

तरीही खरी अडचण अचूकतेची आहे. आजोबांची नळी गुळगुळीत, तिला पुढे केवळ माशी, म्हणजे नेम धरायचा मणी, मागची नेमखाच नाही. शिवाय दुनळीच्या दोन्ही नळ्या छऱ्यांसाठी जुळवलेल्या असतात, त्यामुळे उजवीची आणि डावीची गोळी एकाच जागी पडेलच असे नाही. चुलतभावाकडे बहुधा आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा, पाडलेली नळी, दुर्बीण आणि प्लॅस्टिकच्या आवरणातला सॅबो स्लग असणार. त्या जोडीने शंभर मीटर सहज जमतात. तोच सॅबो स्लग गुळगुळीत नळीतून मारला, तर त्याला फिरकी मिळत नाही आणि तो कोठेही भरकटतो.

जुने काडतूस
वरील उत्तरात एक भर घालतो, आणि थोडा मतभेदही नोंदवतो. केवळ ज्यूल मोजून मोठ्या जनावराचा हिशेब होत नाही. गोळी किती खोल जाते हे अधिक महत्त्वाचे. १९३१ मध्ये कार्ल फॉस्टर यांनी तयार केलेला स्लग मऊ शिशाचा आणि मागून पोकळ असतो. वजन पुढे असल्याने तो बॅडमिंटनच्या फुलासारखा सरळ जातो. अंगावरच्या तिरक्या खाचांमुळे नव्हे. त्या खाचा मुख्यतः आवळलेल्या तोंडाच्या नळीतून शिसे दबून जावे यासाठी असतात. हा स्लग हरणाच्या बरगड्यांत उत्तम काम करतो, पण जाड हाडावर चपटा होऊन उथळ थांबू शकतो. जर्मनीतील विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये काढलेला स्लग भरीव असतो, आणि त्याचे कठीण शिशाचे प्रकार अलास्कात अस्वलापासून बचावासाठी लोक बाळगतात. तेव्हा ‘स्लग चालतो का’ या प्रश्नाला ‘कोणता स्लग’ हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

गुळगुळीत नळीतून गोळी नेमकी न जाण्याची अडचण इंग्रजांच्या काळातही होती. भारतात लष्करी सेवा केलेल्या कर्नल फॉसबेरी यांनी १८८५ मध्ये नळीच्या शेवटच्या काही इंचांनाच आटे पाडण्याची युक्ती काढली, आणि हॉलंड अँड हॉलंडने ‘पॅराडॉक्स’ या नावाने ती बंदूक विकली. छरे आणि गोळी दोन्ही चालवणारी ही बंदूक येथील शिकाऱ्यांना फार आवडे.

निफाडचा ऊसवाला
आमच्याकडे उसात बिबटे आणि मक्यात डुकरे असल्याने असे प्रश्न निघतातच, म्हणून कायद्याचे सांगून ठेवतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आले. पिकाचे नुकसान होत असेल तर वनविभागाकडे अर्ज, पंचनामा आणि भरपाई हा नेहमीचा मार्ग. लेखी परवानगीवाचून डुकरावर गोळी झाडणे हा गुन्हाच आहे, बंदुकीचा परवाना असला तरीही.

दिंडोरीकर
आभारी आहे. सपाट आणि दाट वस्तीच्या भागात रायफलपेक्षा स्लग सुरक्षित, म्हणून अमेरिकेतील अनेक राज्यांनी हरणासाठी शॉटगनच (छऱ्यांची बंदूक) सक्तीची केली होती, असे भाऊ सांगतो. ते बरोबर आहे का?

गंगापूर रोडवरचा नेमबाज
कारण तेच होते, आणि ओहायोही त्यांपैकीच एक. मात्र पेनसिल्व्हेनियाने करवून घेतलेल्या २००७ च्या अभ्यासात असे दिसले की जमिनीवर आपटून उसळल्यावर स्लग बराच दूर जातो, त्यामुळे तो नेहमीच अधिक सुरक्षित असतो असे म्हणता येत नाही. आपल्या दुनळीबाबत मात्र एक काळजी घ्यावी. जुन्या ब्रिटिश बंदुकांच्या कोठीची, म्हणजे काडतूस बसते त्या जागेची, लांबी पुष्कळदा ६५ मिलिमीटर असते, आणि तीत ७० मिलिमीटरचे काडतूस बसते खरे, पण त्याचे तोंड उघडायला जागा उरत नाही व दाब वाढतो. कुशल बंदूकसाजाकडून कोठी मोजून घेतल्याशिवाय तीत नवे काडतूस घालू नये.