घड्याळात ४.३, कोर्स ३.८: म्हणून आयोजक खोटे?

खारवट
परवाची ती पोस्ट वाचून गप्प बसवेना. तळ्यातली पोहण्याची शर्यत ३.८ किलोमीटरची, मनगटावरच्या जीपीएस घड्याळात आले ४.३, आणि त्यावरून निष्कर्ष काढला की आयोजकांनी कोर्स, म्हणजे शर्यतीचा मार्ग, लांब टाकला, स्पर्धकांना फसवलं, लागलेल्या वेळा बाद धरा. खाली 'माझ्याही घड्याळात तसंच' म्हणणाऱ्यांची रांग. पहाटे अंधारात होडीतून बोये, म्हणजे मार्ग दाखवणारे नांगरलेले तरंगते फुगे, टाकणाऱ्या माणसांवर असा आरोप करायचा, तर आपल्या हातातला आकडा कुठून येतो हे तरी माहीत हवं.

जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर आहेत. तिथून येणारा सिग्नल आधीच क्षीण, आणि पाण्यात तो काही सेंटिमीटरही तग धरत नाही. खाऱ्या पाण्यात तर त्याहून कमी. फ्रीस्टाईलमध्ये मिनिटाला साठ हात मारणाऱ्याचा घड्याळाचा हात दर दोन सेकंदांनी एकदा बाहेर येतो, तोही अर्धा-पाऊण सेकंद. तेवढ्यात चार उपग्रह पकडायचे, जागा काढायची, की लगेच हात पुन्हा पाण्याखाली.

पळण्याचा अनुभव इथे कामाचा नाही. १०० मीटरला २ मिनिटं लावणारा सेकंदाला ८० सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. घड्याळ जागा चुकतं ती काही मीटरने. म्हणजे प्रत्येक बिंदूतली चूक त्या सेकंदात कापलेल्या अंतराच्या कितीतरी पट. असे बिंदू नुसते जोडले तर रेषा करवतीच्या दात्यांसारखी होते आणि लांबी फुगते. ती फुगू नये म्हणून सॉफ्टवेअर रेषा गुळगुळीत करतं, संशयास्पद बिंदू टाकून देतं. मग बोयाला घातलेला वळसाच कापला जातो आणि लांबी घटते. तुमचे ४.३ या दोन उलट्या चुकांच्या ओढाताणीतून उरलेले आहेत. कोणाचं घड्याळ ४.३ दाखवेल, शेजारच्याचं ३.६. ३.६ वाल्याने आजवर कधी तक्रार केलेली मी वाचली नाही.

मनगटावरचा आकडा अंदाज म्हणून वापरा, सरावाची नोंद म्हणून ठेवा. दुसऱ्याला खोटं ठरवायला तो पुरत नाही.

लांबपल्ला
आयोजकांचं वकीलपत्र घेतलंय का तुम्ही? ती पोस्ट माझी नाही, पण तिच्यातली चीड मला समजते. मी एकाच तळ्यात, एकाच मार्गाने वर्षानुवर्षं पोहतो. घड्याळ दर वेळी जवळपास तोच आकडा देतं. इतकं भोंगळ यंत्र असतं तर रोज वेगळा आकडा आला असता. ५०० मीटरचा फरक म्हणजे तेरा टक्के. त्याला 'ओढाताण' म्हणून कसं सोडायचं?

आणि आयोजकांनी कोर्स मोजला कशाने? होडीतल्या जीपीएसनेच ना? त्यांचं जीपीएस खरं आणि स्पर्धकाचं खोटं, हे कुठलं शास्त्र?

खारवट
फरक सांगतो. होडीतलं यंत्र हवेत असतं, आकाश पूर्ण मोकळं, अँटेना स्थिर. बोया टाकताना होडी थांबते, तिथल्या जागेची नोंद होते आणि दोन बोयांमधलं अंतर त्या दोन नोंदींवरून सरळ रेषेत काढलं जातं. दोन्ही टोकांना काही मीटर चूक धरली, तरी ७०० मीटरच्या टप्प्यात ती नगण्य. तुमचं घड्याळ मात्र तोच टप्पा शेकडो डळमळीत बिंदूंची बेरीज करून मोजतं. प्रश्न जीपीएस कोणाचं याचा नाही, ते कसं वापरलं याचा आहे.

गणिती_गलबत
लांबपल्ला, रोज तोच आकडा येणं हे सातत्य झालं, अचूकपणा नव्हे. तेच तळं, तोच स्ट्रोक, तोच काठ. चूकही रोज त्याच बाजूला होणार.

पण खारवट, तुमच्या बाजूनेही थोडी घाई होतेय. अशा वेळी 'सरळ पोहता येत नसेल' असं म्हणून लोक हात झटकतात, म्हणून ते गणित मांडतो. सतत १५ अंश वाकडं पोहलं, कधी डावीकडे कधी उजवीकडे, तरी अंतर साडेतीन टक्केच वाढतं. ३.८ चे ४.३ व्हायला सरासरी २८ अंश वाकडं पोहावं लागेल. इतकं तर धुक्यातही कोणी पोहत नाही. तेव्हा नुसत्या साइटिंगवर, म्हणजे डोकं वर काढून दिशा बघण्यावर, खापर फोडता येणार नाही. बाकीचा वाटा घड्याळाचा किंवा कोर्सचा. कोणाचा किती, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

डावाहात
अहो, एवढी चर्चा कशाला? घड्याळ मनगटावरून काढा आणि फ्लोटमध्ये, म्हणजे कमरेला दोरीने बांधून मागे तरंगत ठेवायच्या फुग्यात, टाका. किंवा कॅपखाली, डोक्याच्या मागच्या बाजूला. आकाश दिसतं, ट्रॅक स्वच्छ येतो. फक्त तेव्हा घड्याळाचा ओपन वॉटर (तळं-समुद्रात पोहण्याचा) मोड लावू नका, तो हाताची हालचाल शोधत बसतो. बाहेरचा दुसरा कुठलाही साधा मोड चालतो. स्ट्रोकची मोजणी जाते, जाऊ दे.

आणि काठावरच सिग्नल घ्या. उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती ३० सेकंदांच्या चक्रात पाठवतो. घड्याळ अर्धं चक्र ऐकून पाण्याखाली गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. बरेच जण गुडघाभर पाण्यात चालता चालता बटण दाबतात आणि पहिले दोनशे मीटर हरवले म्हणून रडतात.

मधली_लेन
ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांचा इथे कोणी विचारच करत नाही. आमचे हात बाहेर येतच नाहीत! माझ्या ट्रॅकवर मी खाडीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला थेट जमिनीवरून गेलेली दिसते. नवं दोन फ्रिक्वेन्सीचं घड्याळ घ्या म्हणून इथल्याच एकांनी आग्रह केला होता. दुसरी फ्रिक्वेन्सी उंच इमारती आणि कड्यांवरून परावर्तित होणाऱ्या सिग्नलसाठी उपयोगी. पाण्याखाली तीही तितकीच आंधळी, हे कोणी सांगितलं नाही. नाडीचे ठोके तर विचारूच नका. थंड पाण्यात ते आकडे मी बघणंच सोडलं.

जुना_खलाशी
फ्लोट! शेवटी गाडी तिथेच आली. कमरेला फुगा बांधून पोहणं याला मी ओपन वॉटर म्हणत नाही. इंग्लिश खाडी पारंपरिक नियमांनी पोहायची तर एक पोशाख, टोपी, गॉगल. तरंगायला मदत करणारं काही चालत नाही. १८७५ साली ती खाडी पोहून पार करणारा मॅथ्यू वेब २१ तास ४५ मिनिटांत पलीकडे गेला तेव्हा मागे नारिंगी फुगा नव्हता. आता तळ्यातही फुगा, त्यात फोन, त्यात चावी, त्यात घड्याळ. लोकांना पाण्यापेक्षा सामानाची काळजी जास्त.

ओहोटी
वेबबरोबर होड्या होत्या. हे सोयीस्करपणे विसरलात. खाडीत आजही प्रत्येकासोबत होडी असते, तिच्यावर निरीक्षक असतो. सकाळी एकटीदुकटी पोहायला उतरणारी बाई होडी कुठून आणणार?

मी एका मैत्रिणीबरोबर पोहत होते. लाटा फार नव्हत्या, पण पाण्यावर ऊन चमकत होतं. एक मोटरबोट सरळ आमच्या दिशेने आली. चालवणाऱ्याने शेवटच्या क्षणी वळवली आणि ओरडून सांगितलं की त्याला फक्त फुगा दिसला, डोकी दिसलीच नाहीत. फुगा माझ्याकडे होता, तिच्याकडे नव्हता. त्या दिवसापासून फ्लोटची टिंगल करणाऱ्याशी मी सौम्य बोलत नाही.

जुना_खलाशी
ताई, जे झालं ते वाईट आणि तुम्ही वाचलात याचा आनंद आहे. पण बोटींच्या मार्गात पोहू नये हा पहिला नियम. फ्लोट आहे म्हणून नवखे लोक जिथे जाऊ नये तिथे जातात. मी अशा लोकांना ओढून काढलं आहे. दम लागल्यावर फुग्याला लटकलेले, आणि काठ दूर. फ्लोट जीवरक्षक साधन नाही, हे त्यावरच छापलेलं असतं. वाचतं कोण?

ओहोटी
बोटींचा मार्ग पाण्यावर रंगवलेला नसतो! फ्लोट दिसण्यासाठी आहे, लटकण्यासाठी नाही, हे मलाही माहीत आहे. नवख्यांना शिकवा, पण त्यासाठी बाकीच्यांना अदृश्य व्हायला सांगू नका.

डावाहात
मी घड्याळ कुठे ठेवायचं एवढंच सांगत होतो. तरी ओहोटींशी शंभर टक्के सहमत. आणि फ्लोट मागे ओढतो म्हणणाऱ्यांसाठी: दोरी पायांच्या मागे राहील इतकी लांब ठेवली तर फरक जाणवत नाही.

जुना_खलाशी
जाणवतो. वारा आडवा असला की जाणवतोच. दिसण्यासाठी म्हणून बांधत असाल तर बांधा, तेवढ्यापुरतं माझं काही म्हणणं नाही. त्याला पोहण्याचा भाग समजू नका.

खारवट
धागा अंतराचा होता. लांबपल्ला, परत येऊ या. घड्याळ फ्लोटमध्ये ठेवून आकडा अगदी निर्दोष आला असं धरू. तरी तुम्ही किती पोहलात ते कळलं का? स्थिर पाण्यात तासाला ३ किलोमीटर पोहणारा माणूस घ्या, तासाला १ किलोमीटर वाहणारी नदी घ्या. २ किलोमीटर प्रवाहाबरोबर जायला अर्धा तास, तेवढंच परत यायला एक तास. जीपीएस म्हणणार ४ किलोमीटर. पण दीड तासात पाण्यातून तुम्ही साडेचार कापले. जीपीएस जमीन मोजतं, हात पाणी कापतात.

पॅरिसला २०२४ साली ऑलिंपिकची १० किलोमीटरची शर्यत सीन नदीत झाली. उलट्या दिशेने जाताना सगळे प्रवाह टाळायला काठाच्या भिंतीला चिकटून पोहत होते. तिथे रेषा किती लांब आली याला अर्थ नव्हता. सगळ्या बोयांना वळसा घालून शेवटच्या पाटीला आधी कोणाचा हात लागला, एवढंच पाहिलं गेलं. इंग्लिश खाडीही तशीच. सरळ रेषेत सुमारे ३३ किलोमीटर, भरती-ओहोटी पोहणाऱ्याला इकडून तिकडे ढकलते आणि प्रत्यक्ष मार्ग कितीतरी लांबतो. पण नोंद होते काठापासून काठापर्यंतची.

लांबपल्ला
नदीचं गणित बरोबर आहे, मान्य. पण ती शर्यत तळ्यात होती, तिथे नदी आणून मूळ प्रश्नाला बगल देऊ नका. स्पर्धक पैसे भरतो ३.८ चे. तेवढ्या अंतरासाठी महिनोन् महिने तयारी करतो. वेळेची मर्यादा असते, ती चुकली की बाहेर. कोर्स खरोखर २०० मीटर जास्त पडला तर शेवटच्या माणसाचं वर्ष वाया जातं. पुढे असणाऱ्यांना हे कधी कळत नाही, त्यांना फक्त क्रमांकाची काळजी.

ठीक आहे, मनगटावरचे ४.३ हा पुरावा नाही. एवढं लिहून देतो. पण मग पुरावा आयोजकांनी द्यावा. प्रत्येक बोयाचे अक्षांश-रेखांश शर्यतीआधी जाहीर करायला काय हरकत आहे?

खारवट
काहीच हरकत नाही. ही मागणी मी तुमच्याबरोबर करीन. मर्यादेच्या काठावर पोहणाऱ्याचं तुम्ही म्हणालात तेही खरं आहे, त्याचं नुकसान सगळ्यात मोठं असतं. माझा राग फक्त पुराव्याशिवाय 'फसवलं' म्हणण्यावर आहे.

गणिती_गलबत
आधी आणि नंतर, दोन्ही वेळा नोंद हवी. बोया जागचा हलतो.

जुना_खलाशी
हलतो, आणि किती हलतो ते मी सांगतो, कारण बोये मी टाकले आहेत. दोरी खोलीपेक्षा बरीच जास्त सोडावी लागते, नाहीतर लाटेबरोबर नांगर उचलला जातो. १० मीटर खोलीवर ३० मीटर दोरी सोडली, तर बोया नांगरापासून २८ मीटरपर्यंत कुठेही जाऊ शकतो. सकाळी वारा एका बाजूचा आणि तासाभराने उलटा झाला, की तोच बोया पन्नासेक मीटर पलीकडे. नांगर न घसरताही. एकाच वाऱ्यात सगळे बोये एकाच बाजूला जातात, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर फारसं बदलत नाही. बदलतो तो काठापासूनचा पहिला आणि शेवटचा टप्पा. त्यातून शंभरेक मीटर वाढतील, पाचशे नाही. पाचशे वाढायला नांगर तुटावा लागेल, आणि तुटला तर होडीवरच्यांना दिसतं.

लांबपल्ला
होडीवर कोणी लक्ष ठेवून असेल तर दिसतं. तेही लिहा त्या मागणीत: प्रत्येक वळणाच्या बोयाजवळ एक माणूस, शर्यत संपेपर्यंत.