व्हिटॅमिन डी ९, फेरिटिन ६: गोळ्यांच्या वेळा कशा बसवायच्या?

बोरिवलीकर_७६

बहिणीचे रिपोर्ट आले आहेत. वय ३४, वजन ५६ किलो. हिमोग्लोबिन १०.४, एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) ७१, आरबीसी (लाल पेशींची संख्या) ४.३, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) १७.८, फेरिटिन (लोहाचा साठा) ६, व्हिटॅमिन डी ९.४, बी-१२ २१२. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू आहे, टीएसएच ठीक आहे.

डॉक्टरांनी दिलंय ते असं: फेरस अ‍ॅस्कॉर्बेट १०० रोज एक, डीचं ६०,००० चं सॅशे आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, आणि कॅल्शियम ५०० रोज. वेळा कुणी नीट सांगितल्या नाहीत. ती पावणेसहाला उठते, सव्वासातला घर सोडते, बोरिवलीहून चर्चगेट, रात्री साडेआठला परत. दादरचा पूल चढताना धाप, पोटऱ्यांत गोळे, कंबर धरते, केस मूठभर जातात. लोहाच्या गोळीने मळमळतं आणि पोट साफ होत नाही, म्हणून मध्येच बंद करते.

प्रश्न असे: कोणती गोळी कधी? बरं वाटायला किती दिवस? गच्चीतल्या उन्हाने काही होतं का? शाकाहारी आहे, अंडं चालतं.

औषधांचा_खण

आधी थायरॉइड, कारण बाकी सगळं त्याच्या भोवती बसवावं लागतं. लोह आणि कॅल्शियम दोन्ही ती गोळी आतड्यात धरून ठेवतात, म्हणून मध्ये चार तास हवेत. ताईंच्या दिवसात हे असं बसेल:

पावणेसहाला थायरॉइड, नुसत्या पाण्याबरोबर. पाऊण तासाने चहा-नाश्ता. ऑफिसमध्ये पोचल्यावरचा चहा सव्वानऊपर्यंत उरकायचा. सव्वाअकराला लोह, जेवण एक वाजता. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. डीचं सॅशे रविवारी दुपारच्या जेवणानंतर दुधातून. डी तेला-तुपाबरोबर शोषलं जातं, त्यामुळे उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी घेण्यात अर्थ नाही.

लोह आणि चहा यांच्यात आधी दोन तास, नंतर तास-दीड तास जाऊ द्या. कॉफीचंही तेच. गोळीबरोबर लिंबूपाणी चांगलं, पण व्हिटॅमिन सीची वेगळी गोळी विकत घ्यायची गरज नाही, तिने फारसा फरक पडत नाही. मळमळीवर कुणी पॅन्टोप्रॅझोलसारखी अ‍ॅसिडिटीची गोळी सुचवेल, ती स्वतःहून सुरू करू नका. पोटातलं आम्ल कमी झालं की लोह शोषलं जात नाही आणि मग ‘गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

मळमळ आणि बद्धकोष्ठ दोन्ही होतात ते बहुतेक न शोषल्या गेलेल्या लोहामुळे. एक डोस गेला की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण २४ तास आतड्याचा दरवाजा अर्धा लावून घेतं. दुसऱ्या दिवशीची गोळी बरीचशी वाया जाते, ती पोटात पडून त्रास देते. स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासांत (पहिला मोठा निष्कर्ष २०१७ चा) एक दिवसाआड दिलेल्या डोसमधून लोहाचं शोषण जास्त झालेलं दिसलं. तेव्हा मध्येच बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना विचारा, ‘एक दिवसाआड चालेल का?’ अनेक जण हो म्हणतात. त्यानेही जमलं नाही तर जेवणानंतर घ्या. शोषण थोडं घटेल, पण घेतलेली गोळी न घेतलेल्या गोळीपेक्षा बरी.

ब्रँड बदलताना गोळ्यांच्या पाकिटावर ‘एलिमेंटल आयर्न’ किती लिहिलंय ते बघा. फेरस सल्फेटच्या २०० मिग्रॅ. गोळीत प्रत्यक्ष लोह साधारण ६० ते ६५ मिग्रॅ. असतं, फ्युमरेटमध्ये तिसरा हिस्सा, ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के. मोठा आकडा बघून गोळी जोरदार आहे असं समजू नका. शौच काळं होणारच, त्याला घाबरू नका.

आणि डीचं सॅशे आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच. काउंटरवर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, लोक रोज घेत सुटतात. डी जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं: तहान, सारखी लघवी, उलट्या, बद्धकोष्ठ, पुढे किडनीवर परिणाम. आठही सॅशेंवर पेनाने तारखा घालून ठेवा. शिवाय तिच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये किंवा कॅल्शियमच्या गोळीत आधीच डी आहे का तेही बघा, बहुतेक कॅल्शियमच्या गोळ्यांत असतंच.

सूक्ष्मदर्शक

रिपोर्टवर दोन शब्द. फेरिटिन ६ म्हणजे साठा संपलेला, यात वाद नाही. (ताप, संसर्ग किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं. तेव्हा ५०-६० आकडा दिसला तरी लोह कमी असू शकतं. इथे तो प्रश्नच नाही.)

एमसीव्ही ७१ दिसला की मुंबईत थॅलेसेमिया मायनर (आईवडिलांकडून येणारा हिमोग्लोबिनचा दोष) डोक्यात ठेवावाच लागतो. सिंधी, लोहाणा, भानुशाली, पंजाबी घरांत जास्त, पण बाकीच्यांत नसतोच असं नाही. साधा आडाखा: एमसीव्हीला आरबीसीने भागा. ७१ भागिले ४.३ म्हणजे साडेसोळा. १३ च्या खाली आलं असतं तर संशय थॅलेसेमियाचा, वर आलं तर लोहाचा. आरडीडब्ल्यू वाढलेला आहे, तोही लोहाच्याच बाजूने बोलतो. पण हा आडाखाच आहे. फेरिटिन भरल्यावरही एमसीव्ही खालीच राहिला तर एचपीएलसीने एचबीए२ (थॅलेसेमिया मायनरमध्ये वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) तपासायला सांगा. लोह खूप कमी असताना एचबीए२ थोडं कमी दिसू शकतं, म्हणून ती तपासणी साठा भरल्यावर केलेली बरी. लग्न किंवा मूल ठरवायचं असेल तर मात्र थांबू नका. परळला केईएमच्या आवारात रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था, एनआयआयएच, याच कामासाठी आहे.

बी-१२ २१२ हे काठावरचं आहे. शाकाहारी माणसात तिकडे दुर्लक्ष करू नका. लोह भरत जातं, नवीन पेशी भराभर बनायला लागतात आणि मग बी-१२ तोकडं पडतं.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर पुढच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, लॅबलाही सांगा. काही मशीनवर बायोटिनमुळे डी खोटं जास्त, फेरिटिन आणि टीएसएच खोटं कमी दिसतं. मग थायरॉइडचा डोस उगाच बदलला जातो.

पुन्हा कधी तपासायचं: हिमोग्लोबिन चार आठवड्यांनी. लोह अंगी लागत असेल तर साधारण एक ते दोन ग्रॅम वाढतं. डी तीन महिन्यांच्या आत तपासून पैसे घालवू नका. हिमोग्लोबिन बारावर गेलं की गोळ्या बंद करायची घाई असते सगळ्यांना. साठा भरायला त्यानंतर तीन महिने लागतात, तेव्हा फेरिटिन बघूनच थांबा.

आणि लोह गेलं कुठे, हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. पाळीत दर तास-दोन तासांनी पॅड बदलावा लागत असेल, रुपयाच्या नाण्याएवढ्या गुठळ्या पडत असतील, आठवड्यावर स्राव चालत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला हवं. मूळव्याध, जंत, सिलिअ‍ॅक (गव्हाने आतडं बिघडणं), जठरातला हेलिकोबॅक्टर जंतू ही बाकीची कारणं. हाच रिपोर्ट एखाद्या पुरुषाचा किंवा पाळी गेलेल्या बाईचा असता तर आधी आतड्यांची दुर्बिणीने तपासणी लागली असती.

बोरिवलीकर_७६

पाळी जड आहे, हो. त्याचं बघतो. घरातले म्हणतात बीट, गूळ आणि नाचणी सुरू कर, गोळ्या कशाला. ऑफिसात कुणी म्हणालं, सरळ लोहाचं सलाइन घे, एका दिवसात मोकळी.

हिरवा_देठ

बिटाचा रंग लाल आहे एवढंच. शंभर ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमही लोह नसतं. गुळाचा खडा चवीला ठीक. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, पण लोह चार-पाच. ताईंच्या वयाच्या बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं (आयसीएमआरचा २०२० चा आकडा), आणि फेरिटिन सहावर आल्यावर ताटातून खड्डा भरत नाही. ताट पुढे खड्डा पडू नये म्हणून.

शाकाहारात लोह आहे, पण धान्य-कडधान्यांतलं फायटेट त्याला धरून बसतं. म्हणून मटकी, चवळी, मूग भिजवून मोड आणा, शिजल्यावर वरून लिंबू पिळा किंवा पानात आवळा, पेरू, टोमॅटोची कोशिंबीर घ्या. लिंबू गॅस बंद करून मगच. अळीव चांगले, पण लाडवातून आठवड्याला एखादा चमचा पोटात जाणार असेल तर फार आशा ठेवू नका. रोज एक चमचा भिजवून घ्या. लोखंडी कढईत आमसुलाची आमटी किंवा टोमॅटोची भाजी केली तर लोह उतरतं, कोरड्या भाजीत फार नाही. शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळं पडतं आणि चव बिघडते. डब्यात भाजी-पोळीबरोबर दही असेल तर ते संध्याकाळकडे ढकला. आणि जेवल्या जेवल्या चहा नको. ऑफिसात दीड वाजता जेवणावर कटिंग मारायची सवय असते, सगळी मटकी तिथेच फुकट जाते.

अंडं खाते हे बरं आहे, बी-१२ साठी आणि थोड्या डीसाठी. त्यातलं लोह मात्र फारसं शोषलं जात नाही.

बाह्यरुग्ण

सलाइनबद्दल. शिरेतून लोह द्यायचं ते गोळी खरंच झेपत नसेल, शोषली जात नसेल, रक्तस्राव गोळीच्या पुढे धावत असेल किंवा वेळ कमी असेल तेव्हा, उदाहरणार्थ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत. एकूण किती लोह लागेल त्याचा हिशेब असा असतो: वजन गुणिले (१५ वजा हिमोग्लोबिन) गुणिले २.४, अधिक ५००. ताईंचं अकराशे मिलिग्रॅमच्या आसपास येतं. यात एक गोम आहे. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हा प्रकार काही जणांत रक्तातलं फॉस्फेट उतरवतो आणि डी आधीच कमी असेल तर हाडं-स्नायूंचं दुखणं आणखी वाढू शकतं. डी ९ असताना घाई नको. द्यायचंच ठरलं तर कोणतं इंजेक्शन आणि फॉस्फेट बघणार का, एवढं विचारा. आणि अ‍ॅलर्जी झाली तर सांभाळायची सोय असेल तिथेच घ्या, गल्लीतल्या क्लिनिकच्या बाकावर नको.

त्रास कोणता कशाचा ते वेगळं करा. धाप, धडधड, डोकं हलकं होणं हे लोहाकडचं. दोन-तीन आठवड्यांत उतार पडायला लागतो. तोवर पुलावर मध्ये थांबायला लाजू नये, गर्दीचा लोंढा पुढे जाऊ द्यावा. लोकलमध्ये उभ्या उभ्या घेरी आली तर पाय एकावर एक ओलांडून मांड्या-पोटऱ्या घट्ट आवळायच्या, जमलं तर खाली बसायचं. कंबर, नडग्या दाबल्यावर दुखणं, जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकावा लागणं हे डीकडचं, त्याला सहा ते बारा आठवडे. त्यासाठी दिवसातून दोनदा खुर्चीवरून हात न लावता आठ-दहा वेळा उठ-बस पुरे, धावणं आत्ता नको. केस सगळ्यात शेवटी, तीन ते सहा महिने.

रात्री पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसेल तर ते गोळे नव्हेत, अस्वस्थ पायांचा विकार आहे. त्यात फेरिटिन ७५ च्या वर नेतात. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या आणि मळमळीवरचं मेटोक्लोप्रमाइड यांनी तो बळावतो.

ऊन: सकाळी सातचं कोवळं ऊन छान वाटतं, पण त्यात यूव्हीबी (त्वचेत डी बनवणारा किरण) जवळजवळ नसतो. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच डी बनतं, म्हणजे अकरा ते दोन-तीन. काचेतून यूव्हीबी येत नाही, त्यामुळे सरकत्या काचा लावलेल्या बाल्कनीत बसून उपयोग शून्य. हात, पाय, पाठ उघडी टाकून वीस-तीस मिनिटं, आठवड्यात काही दिवस. पावसाळ्याचे चार महिने सोडाच. ऑफिसातल्या बाईला हे सुट्टीलाच जमणार, तेव्हा ९ वरून ३० वर सॅशेच नेईल. आठ आठवड्यांनंतर पुढे काय ते विचारून ठेवा, बऱ्याचदा महिन्याला एक असतं.

बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, डांबरासारखं चिकट, घाण वास येणारं शौच, किंवा हिमोग्लोबिन सातच्या खाली: यात फोरमवर विचारत बसू नका, हॉस्पिटलात जा.

बोरिवलीकर_७६

सव्वाअकराचा गजर लावला तिच्या फोनमध्ये. एखादी गोळी विसरली तर?

औषधांचा_खण

लोहाची विसरली तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दोन नकोत. रविवारचं सॅशे राहिलं तर सोमवारी जेवणावर घ्या, पुढचं परत रविवारीच. आणि घरात लहान मूल असेल तर लोहाच्या गोळ्यांचं पाकीट उंचावर, कुलपात. गोड आवरणाच्या लाल गोळ्या मुलं चॉकलेट समजून खातात आणि लोहाची विषबाधा लहान मुलाच्या जिवावर बेतते.