निवडणूक नको, मुदती पाळायला लावा

न्यायाधीश निवडून दिले की ते जनतेला उत्तर देतील, म्हणून निवडणूक घ्या, हा काही जणांचा मुद्दा मला अजिबात पटत नाही. निवडणुकीला पैसा लागतो आणि तो देणारा उद्या पक्षकार असू शकतो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात हेच घडलं. कोळसा कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवारासाठी सुमारे ३० लाख डॉलर ओतले. निवडून आल्यावर त्या न्यायमूर्तींनी कंपनीविरुद्धचा ५ कोटी डॉलरचा निवाडा रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं. त्यांनी त्या खटल्यातून बाजूला व्हायला हवं होतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवलं, तेही ५ विरुद्ध ४ मतांनी!

आपलं दुखणं वेगळं आहे, ते म्हणजे नेमणुकांना होणारा उशीर. मुंबई उच्च न्यायालयात मंजूर पदं ९४. निवृत्तीचं वय ६२, म्हणजे जागा कधी रिकामी होणार हे आधीच ठाऊक असतं. मुख्य न्यायमूर्तींनी दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून किमान ६ महिने आधी नावं पाठवायची, राज्य सरकारने ६ आठवड्यांत मत द्यायचं, मग केंद्राच्या गुप्तवार्ता विभागाचा अहवाल आणि सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम, म्हणजे नावं ठरवणारं सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ. केंद्र सरकारने परत केलेलं नाव कॉलेजियमने एकमताने पुन्हा पाठवलं तर ३-४ आठवड्यांत नेमणूक व्हावी, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. गाडी अडते ती इथेच. केंद्र गप्प बसलं तर पुढे काय, याची तरतूद नाही. वाट पाहून चांगले वकील संमती मागे घेतात. त्या मुदतीनंतर नेमणूक आपोआप झाल्याचं मानावं, अशी घटनादुरुस्ती मागूया.