मदत हवी आहे: एसटीपीच्या पॉली आणि हायपोच्या निविदेत स्पेसिफिकेशन काय टाकू?

पालिका_जेई:
एसटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) केमिकलची वार्षिक निविदा काढायची आहे. मागच्या वर्षी सगळ्यात कमी दरवाल्याला दिली. आता पॉली (गाळाचे कण एकत्र बांधणारं पॉलिइलेक्ट्रोलाइट) चालत नाही, केक (पाणी काढलेला घट्ट गाळ) होत नाही, सेंट्रेट (गाळातून निघालेलं पाणी) काळं येतं. हायपोसुद्धा (जंतू मारायचं सोडियम हायपोक्लोराइट) अंदाजाच्या आधीच संपतं. असा माल पुन्हा येऊ नये म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये काय लिहू? कंपनीचं नाव टाकता येत नाही, ते सुचवू नका. शुक्रवारी मसुदा द्यायचाय. तयार फॉरमॅट असेल तर टाका.

गाळगुरू:
‘पॉली चालत नाही’ यावरून काय कळणार साहेब? प्लँट किती एमएलडीचा (दिवसाला दशलक्ष लिटर)? सेंट्रिफ्यूज (गाळ गरगर फिरवून पाणी काढणारं यंत्र) म्हणताय असं सेंट्रेटवरून धरतो. पॉली कॅटायनिक (धन भाराचं) की अ‍ॅनायनिक? पावडर की इमल्शन? द्रावण किती टक्क्यांचं, किती वेळ ढवळता, गाळात सॉलिड्स किती? आणि मागच्या निविदेत आयटमचं वर्णन काय होतं?

पालिका_जेई:
१२ एमएलडी, एसबीआर (एकाच टाकीत टप्प्याटप्प्याने प्रक्रिया). पावडर, २५ किलोची गोणी. वर्णन: ‘पॉलिइलेक्ट्रोलाइट, उत्तम दर्जाचे’. बाकीचं ऑपरेटरला विचारावं लागेल. प्रश्न निविदेचा आहे, प्लँट चालवायचा नाही.

लेखाआक्षेप:
‘उत्तम दर्जाचे’ लिहिल्यावर पुरवठादाराने काहीही आणलं तरी तो नियमात बसतो. तुमचा माल नाकारायचा हक्कच त्या दोन शब्दांनी घालवलाय.

पाणी_जुना:
तुरटी घेताना आयएस २९९ लिहा आणि अविद्राव्य भाग तपासा. पॅक (पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड) घेणार असाल तर आयएस १५५७३. पावसाळ्यात गढूळपणा वाढला की पॅक परवडतं, पीएच फार पडत नाही.

गाळगुरू:
काका, ते पिण्याच्या पाण्याचं झालं. इथे तुरटी कुणी विचारलेली नाही.

जेई साहेब, जैविक गाळाला कॅटायनिक लागतं, कारण गाळाच्या कणांवर ऋण भार असतो. वर्णनात इतकं तरी हवं: कॅटायनिक पॉलिअ‍ॅक्रिलामाइड, पावडर, सक्रिय घटक किमान ९० टक्के, चार्ज डेन्सिटी (भाराचं प्रमाण) अमुक ते अमुक टक्के. हे ‘अमुक’ तुमच्या गाळावर जार टेस्ट (बीकरमध्ये मात्रा वाढवत बघणं) केल्याशिवाय ठरत नाही. एसबीआरच्या गाळाला साधारण ४० ते ६० टक्क्यांपासून सुरुवात करा. इमल्शनवाल्यांनाही भरू देणार असाल तर सक्रिय घटकावरच तुलना करा. इमल्शनमध्ये तो बहुधा ३५ ते ५० टक्के असतो, किलोला किलो लावून चालत नाही.

मोजपट्टी:
स्पेसिफिकेशन कितीही घट्ट करा, किलोच्या दरावर लघुत्तम ठरवलात की पुन्हा तेच. खरा खर्च प्रति टन कोरड्या गाळाचा. समजा ‘अ’चा दर १८० रुपये आणि मात्रा टनाला ७ किलो: १,२६० रुपये. ‘ब’चा दर २६०, मात्रा ४: १,०४०. कागदावर ‘अ’ स्वस्त, प्लँटवर महाग. त्यात केक ओला निघाला तर वाहतूक वाढते ती वेगळी. रोज २ टन कोरडा गाळ धरा. २० टक्के केक असेल तर १० टन उचलायचे, १५ टक्के असेल तर सव्वातेरा.

म्हणून पहिल्या, तांत्रिक लिफाफ्यासोबत एक किलो नमुना मागवा. नमुन्यांना सांकेतिक क्रमांक द्या, चाचणी सगळ्यांसमोर घ्या, मात्रा पंचनाम्यात लिहा. मग आर्थिक लिफाफा उघडा आणि दर गुणिले मात्रा यावर क्रम लावा. ही पद्धत निविदेतच छापलेली हवी, नंतर सुचून चालणार नाही.

लेखाआक्षेप:
यात एक गोम आहे. नमुना चांगला येतो आणि पुरवठा दुसराच होतो. मंजूर नमुन्याच्या तीन सीलबंद बाटल्या ठेवा: एक पुरवठादाराकडे, एक पालिकेत, एक वादासाठी. प्रत्येक खेपेची त्याच्याशी जार टेस्ट करून मात्रा १५ टक्क्यांपेक्षा वाढली तर खेप परत, अशी अट घाला. पावडर कोरड्या बरणीत ठेवा. दमट हवेत गोळे झाले की ‘नमुनाच खराब’ म्हणून वाद निघतो.

हायपोवाला:
आता हायपो. वर्णनात ‘१० टक्के’ एवढंच असेल तर लगेच दुरुस्त करा. वजनाला वजन १० टक्के म्हणजे घनता १.१७ धरून लिटरला ११७ ग्रॅम क्लोरिन. वजन-आकारमानाने १० टक्के म्हणजे लिटरला १०० ग्रॅम. तुम्ही किलोत मागवता, टाकी लिटरमध्ये मोजता, तिथेच हिशोब चुकतो. सरळ ‘पोहोचतेवेळी उपलब्ध क्लोरिन किमान १०० ग्रॅम प्रति लिटर, आयएस ११६७३’ असं लिहा. ‘पोहोचतेवेळी’ हा शब्द विसरू नका.

१२ एमएलडीला ४ पीपीएम (लिटरला ४ मिलिग्रॅम) म्हणजे रोज ४८ किलो क्लोरिन, म्हणजे ४८० लिटर. उन्हात पडून तेच ७० ग्रॅमवर आलं तर ६८६ लिटर लागतं. लवकर संपतं ते असं.

तपासणी गेटवरच होते. १० मिली हायपो एक लिटरला पातळ करा. त्यातलं ५० मिली घ्या, पोटॅशियम आयोडाइड आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड टाका, ०.१ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेट करा, पिवळसर झालं की स्टार्च. लागलेले मिली गुणिले ७.०९ म्हणजे ग्रॅम प्रति लिटर. १४.१ मिली लागले तर शंभर भरले. बिल या आकड्यावर काढा: ९० निघाले तर ९० टक्के पैसे, ८० च्या खाली टँकर परत.

टोनरवाला:
एवढा उपद्व्याप कशाला? क्लोरिन गॅस घ्या. ९०० किलोचा टोनर (गॅसचं मोठं सिलिंडर), ताकद घटत नाही, १९ दिवस निवांत.

हायपोवाला:
निवांत? गळतीसाठी स्क्रबर (सुटलेला गॅस शोषणारं यंत्र) आणि एका टोनरला सव्वापट, म्हणजे सव्वा अकराशे किलो कॉस्टिक सोडा तयार लागतं. पेसोची (केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संस्थेची) परवानगी, श्वसनसंच, रात्रपाळीला प्रशिक्षित माणूस, हे सगळं कोण देणार?

टोनरवाला:
हायपो काय निरुपद्रवी आहे का? शेजारच्या फेरिक क्लोराइड किंवा पॅकच्या टाकीत टँकर चुकून रिकामा केला की तिथेच क्लोरिन गॅस.

हायपोवाला:
हे मात्र खरं. म्हणून भरण्याच्या तोंडाला वेगळ्या मापाचं कपलिंग लावा, दुसऱ्या टँकरचा पाइप बसताच कामा नये. दोन बंद बॉल व्हॉल्व्हच्या मध्ये हायपो अडकलं तर ऑक्सिजन सुटून व्हॉल्व्ह फुटतो, बॉलला गॅस सुटायला वेगळं बारीक भोक असलेला व्हॉल्व्ह घ्या. आणि साठा दहा दिवसांचाच, सावलीत. एकदम महिन्याचा माल उतरवून घेऊ नका.

सोसायटी_सचिव:
आमच्या सोसायटीचा ५० केएलडीचा (दिवसाला ५० हजार लिटर) एसटीपी आहे, वास येतो. कोणतं केमिकल टाकू?

गाळगुरू:
केमिकल नको, ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) २४ तास चालू आहे का ते बघा. वीज वाचवायला रात्री बंद करतात. वेगळा धागा काढा.

मोजपट्टी:
जेई साहेब, एक विचारायचं राहिलं. प्लँट चालवतं कोण? ठेकेदार? आणि केमिकल पालिका पुरवते?

पालिका_जेई:
हो, चालवायला ठेकेदार, केमिकल आमचं. त्याचा इथे काय संबंध?

मोजपट्टी:
सगळा संबंध तोच आहे! गोणी फुकट मिळते, मग मात्रा कमी ठेवायला त्याला पडलंय काय? पुढच्या देखभाल करारात केमिकल त्याच्याच गळ्यात घाला, सेंट्रेट आणि केकची मर्यादा लिहून.

लेखाआक्षेप:
मग तो हायपोच बंद ठेवेल आणि नमुना घ्यायच्या दिवशी सोडेल. एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात फीकल कोलिफॉर्मची (विष्ठेतल्या जिवाणूंची) मर्यादा १०० मिलीत २३० आहे, ती हुकली तर नोटीस पालिकेला येते, ठेकेदाराला नाही. केमिकल पालिकेनेच द्यावं, पण वापराची मर्यादा करारात बांधावी: टनाला ५ किलो पॉली, वर गेलं तर बिलातून वजा.

मोजपट्टी:
आणि टन मोजणार कोण? ठेकेदाराचाच ऑपरेटर. फ्लोमीटरचं वाचन आणि रोजचे सॉलिड्स पालिकेच्या माणसाने घेतले तरच त्या मर्यादेला अर्थ.

पालिका_जेई:
ऑपरेटरला विचारलं. द्रावण ०.१ टक्का, सकाळी एकदाच बनवतात, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुरवतात. पाणी प्लँटचंच, प्रक्रिया झालेलं, आउटलेटच्या पंपावरून. बोअर आहे पण पाइप लावलेला नाही.

गाळगुरू:
आउटलेट म्हणजे क्लोरिन कॉन्टॅक्ट टँकच्या (हायपो मिसळून पाणी थांबवतात त्या टाकीच्या) पुढे? अहो, क्लोरिन पॉलीची साखळीच तोडतं. त्यात ०.१ टक्क्याचं द्रावण दिवसभर ठेवायचं नसतं. पुरवठादाराला शिव्या देण्याआधी आजच बघा. एक ग्रॅम पावडर एक लिटर बोअरच्या पाण्यात, भोवऱ्यात चिमटीने हळूहळू सोडा, नाहीतर माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात. पाऊण तास सावकाश ढवळा. मग ५०० मिली गाळात ५-५ मिलीने वाढवत जा. गाळ १ टक्का असेल तर २० मिली म्हणजे टनाला ४ किलो. दुसऱ्या बीकरला टाकीतलं शिळं द्रावण.

पालिका_जेई:
केलं. गाळ १ टक्काच आहे. बोअरच्या पाण्यातलं: ३० मिलीला घट्ट फ्लॉक (गाळाचे गोळे), वर स्वच्छ पाणी. टाकीतलं: ४५ मिलीला कसाबसा आला, बोटाने हलवला की फुटला.

गाळगुरू:
म्हणजे टनाला ६ विरुद्ध ९. पॉली कॅटायनिकच आहे, अगदीच टाकाऊ नाही, पण ६ सुद्धा जास्तच. बोअरचा पाइप आज जोडून घ्या, द्रावण दर पाळीला ताजं करा. निविदेच्या चाचणीतही ‘बोअरचे पाणी, एक तास मुरवलेले द्रावण’ असं लिहा, नाहीतर हरलेला पुरवठादार पाण्यावर बोट ठेवेल.

लेखाआक्षेप:
वर्षाची मात्राही मागच्या वापरावरून टाकू नका, त्यात ही नासाडी धरलेली आहे. २ टन गुणिले ५ किलो गुणिले ३६५ म्हणजे ३,६५० किलो. मागच्या वर्षी किती घेतलं होतं?

पालिका_जेई:
६,५०० किलो. पाइप उद्या जोडतोय. हायपोचं वाक्य आणि नमुन्याची पद्धत मसुद्यात घेतली. पंचनाम्याचा नमुना आहे का कुणाकडे?

सोसायटी_सचिव:
ब्लोअर रात्री बंदच असतो. चालू ठेवला तर वास किती दिवसांत जाईल?