मदत हवी आहे : सूर्याजवळच्या चित्रफितीतल्या दोन 'पंखवाल्या' चकत्या नक्की काय आहेत?

तापीकाठ (चोपडा)

राम राम मंडळी. आमच्याकडच्या गटांवर एक चित्रफीत फिरते आहे, वर मथळा 'सूर्याजवळ दोन अज्ञात यानं'. निळं चित्र, मधोमध काळी चकती आणि तिच्यात पांढरं वर्तुळ. डाव्या कोपऱ्यात खाली तारीख-वेळ दिसते : २०२४/०५/२१ पासून २०२४/०५/२४ पर्यंत. म्हणजे सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाचाच कॅमेरा असावा.

सूर्याच्या उजवीकडे दोन ठळक चकत्या आहेत. दोघींच्या दोन्ही बाजूंना आडवी पांढरी रेघ निघते, पंखांसारखी. २१ तारखेला त्या लांब होत्या, २३ ला एकमेकींना चिकटल्या, २४ ला ओलांडून गेल्या. पडद्यावर मोजलं तेव्हा मोठी चकती २४ तासांत डावीकडे १२ पिक्सेल सरकली, लहान उजवीकडे ३३. मागचे बारीक ठिपके सगळे मिळून उजवीकडे ४३. चित्रफितीची रुंदी ७२० पिक्सेल आहे. शिवाय एका फ्रेममध्ये काळ्या चकतीच्या वर एक लखलखीत ठिपका आहे.

विज्ञान मंडळातल्या मुलांना 'अफवा आहे' एवढं सांगून भागणार नाही. ती विचारतात, कशावरून? पडताळणी पायरीपायरीने कशी करायची ते हवं आहे.

केळीबाग (रावेर)

एक चकती शुक्र वाटते. दुसरी बुध असेल, तोही सूर्याजवळच असतो.

लळिंग (धुळे)

शुक्र बरोबर, बुध नाही. ९ मे २०२४ ला बुध सूर्यापासून २६ अंशांवर होता आणि २३ ला अजूनही वीस अंशांहून लांब. या कॅमेऱ्याची नजर सूर्याच्या चारी बाजूंना आठच अंश जाते, तेव्हा तो चौकटीत असूच शकत नव्हता. दुसरी चकती गुरू आहे.

तापीकाठ, तुमचे आकडे चांगले आहेत, फक्त एकक दुरुस्त करायला हवं. हा सोहोवरचा लास्को सी-३ कॅमेरा, मधली काळी चकती सूर्याचं तेज झाकण्यासाठी. त्याचं मूळ चित्र १०२४ × १०२४ पिक्सेलचं असतं आणि एक पिक्सेल म्हणजे ५६ विकला (एका अंशात ३६०० विकला). फॉरवर्ड होताना तुमची फीत ७२० वर आली, म्हणून प्रत्येक आकड्याला १०२४ भागिले ७२०, म्हणजे १.४२ ने गुणा. बहुतेक जण इथेच चुकतात. छोट्या चित्रावर मोजतात, मोठ्या चित्राचं प्रमाण लावतात आणि वेग जुळला नाही की 'अज्ञात वस्तू' जाहीर करतात.

आधी ठिपके. ४३ चे झाले ६१ पिक्सेल. ६१ गुणिले ५६ म्हणजे ३४१६ विकला, जवळपास ०.९५ अंश. सूर्य ताऱ्यांमधून दिवसाला साधारण एवढाच सरकतो. कॅमेरा सूर्यावर रोखलेला असल्यामुळे चित्रात सूर्य जागेवर राहतो आणि तारे उजवीकडे वाहतात. म्हणजे ठिपके तारे आहेत आणि तुमची मोजणी विश्वासाची आहे. पुढचं सगळं या पायावर उभं राहतं, म्हणून ताऱ्यांचा हिशोब कधी गाळू नका.

लहान चकती : ३३ चे ४७ पिक्सेल, म्हणजे ०.७३ अंश. उजवीकडे, पण ताऱ्यांपेक्षा सावकाश. सूर्याच्या पलीकडे असलेले बाहेरचे ग्रह असेच चालतात. गुरूची सूर्याशी युती १८ मे २०२४ ला झाली होती, त्यामुळे २३ ला तो तीनेक अंश उजवीकडे असणारच.

मोठी चकती : १२ चे १७, म्हणजे ०.२७ अंश, आणि तेही उलट्या दिशेने. सूर्याच्या पलीकडून जाणारा शुक्र आकाशात सूर्यापेक्षा किंचित वेगाने पूर्वेकडे सरकतो. चित्रात उत्तर वर असल्याने पूर्व डावीकडे येते. त्याची बहिर्युती, म्हणजे सूर्याच्या बरोबर पलीकडे येणं, ४ जूनला होती. २३ मेला गुरू-शुक्र एकमेकांपासून अवघ्या ०.२ अंशावर आले, म्हणजे मूळ चित्रात १३ पिक्सेल. म्हणून चिकटलेले दिसले. प्रत्यक्षात शुक्राच्या कितीतरी पलीकडे गुरू होता.

तापीकाठ

हिशोब मुलांना करून दाखवता येईल. पण पंखांचं काय? आणि ग्रह एवढे मोठे का दिसतात?

लळिंग

दोन्हींचं कारण एकच, सेन्सर भरून वाहतो. सी-३ ला सूर्याचा फिकट प्रभामंडल टिपायचा असतो, म्हणून एका फ्रेमला वीसेक सेकंद प्रकाश घेतला जातो. तेवढ्या वेळात उणे ३.९ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका उणे तितकं तेज जास्त) शुक्र पिक्सेलची क्षमता पार करतो आणि जादा विद्युतभार शेजारच्या पिक्सेलांत सांडतो. सांडतो तो एकाच रांगेत, म्हणून पंख नेहमी आडवे आणि सरळ. ग्रह कुठेही सरकला तरी पंखांची दिशा बदलत नाही, हे मुलांना मुद्दाम पाहायला सांगा. खऱ्या वस्तूला पंख असते तर ते कधीतरी कलले असते. उणे २ प्रतीच्या गुरूचे पंख आखूड आहेत, तेही यामुळेच.

आकार तर पूर्ण फसवा आहे. त्या दिवशी शुक्राचं बिंब दहाएक विकलांचं होतं, गुरूचं तेहतीसेक. दोन्ही एका पिक्सेलहून लहान! चकतीवरून 'पृथ्वीच्या दहापट यान' वगैरे काढलेले आकडे म्हणूनच निरर्थक ठरतात.

आरसा आणि भिंग (जळगाव)

लळिंग भाऊंच्या हिशोबाला आकाशाच्या नकाशाची जोड द्या. स्टेलेरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, ए दाबून वातावरण घालवा, जी दाबून जमीन घालवा. तारीख २३ मे २०२४ करा आणि वेळ नीट लावा : चित्रावरची वेळ जागतिक असते, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. सूर्य मध्ये घेऊन दृष्टिक्षेत्र १६ अंशांवर आणा. चित्र थोडं कललेलं दिसेल, त्याने गोंधळू नका. ग्रह-ताऱ्यांची आपसातली मांडणी जुळते का तेवढं पाहा.

आणि एक खूण नकाशाशिवायही सापडते. गुरू-शुक्राच्या जवळजवळ सरळ वर, मूळ चित्रात तीनशेएक पिक्सेलवर, बारीक ताऱ्यांचा पुंजका दिसेल. त्या कृत्तिका. पंचांगात सूर्य ११ मेच्या सुमारास कृत्तिका नक्षत्रात जातो, २५ ला रोहिणीत, ७-८ जूनला मृगात. आपल्याकडे रोहिण्या लागल्या की कापसाच्या लागवडीची गडबड सुरू होते, पण सूर्य ज्या नक्षत्रात असतो त्याचे तारे त्याच्याच उजेडात बुडालेले असल्यामुळे कुणाला दिसत नाहीत. सी-३ च्या चित्रात ते दिसतात! जूनच्या आरंभी रोहिणीचा तारा, २२-२३ ऑगस्टला मघा, ऑक्टोबरच्या मध्यावर चित्रा. मुलांना हे फार आवडेल.

२३ मेला दुपारी १२:२५ च्या सुमारास जळगावात सूर्य जवळजवळ डोक्यावर होता आणि ही जोडी त्याच्या पश्चिमेला तीन अंशांवर. पण तसं पाहायला दुर्बीण वर नेऊ नका, कुणालाही नेऊ देऊ नका. डोळा कायमचा जातो.

तापीकाठ

कृत्तिका सापडल्या! चंद्र येतो का कधी या चित्रात? आणि तो लखलखीत ठिपका राहिलाच. वेळ ०४:१८.

लळिंग

चंद्र कधीच नाही. सोहो पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर सूर्याच्या बाजूला आहे, पृथ्वी आणि चंद्र दोन्ही त्याच्या पाठीमागे.

ठिपक्यासाठी ०४:०६ आणि ०४:३० च्या मूळ फ्रेम काढा, चित्रं १२ मिनिटांनी येतात. दोन्हींत नसेल तर तो वैश्विक किरण. वेगवान कण थेट सेन्सरवर आदळला की ठिपका किंवा बारीक ओरखडा उमटतो. मोठ्या सौर उद्रेकानंतर असे हजारो पडतात आणि चित्रात बर्फ पडल्यासारखं दिसतं. चौकोनी, काटकोनी कडांचे तुकडे दिसले तर ती वाटेत हरवलेली माहिती. आणि काळ्या चकतीपासून कोपऱ्याकडे गेलेली पट्टी म्हणजे चकतीला धरून ठेवणारा दांडा.

केळीबाग

मग धूमकेतू कसा ओळखायचा? तोही ठिपकाच ना?

आरसा आणि भिंग

चालीवरून. सोहोने ५००० हून जास्त धूमकेतू दाखवले आहेत, त्यातले बहुसंख्य क्रॉइट्झ गटातले, सूर्याला घासून जाणारे. ते ताऱ्यांबरोबर उजवीकडे वाहत नाहीत, सूर्याकडे येतात, आणि जवळ येतील तसा वेग वाढतो. दहा सौर त्रिज्यांवर वेग सेकंदाला १९५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे १२ मिनिटांत जास्तीत जास्त साडेतीन पिक्सेल. कडेला त्याहून कमी, आणि तिरक्या मार्गामुळे दिसायला आणखी कमी. एका फ्रेममध्ये चाळीस पिक्सेल उडी मारणारा ठिपका धूमकेतू नसतो.

निदान पाच-सहा फ्रेममध्ये जागा मोजा आणि शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात धरलंय की खालच्या, ते आधी लिहून ठेवा. ते विसरलं की मार्ग उलटा होतो आणि सूर्याकडे येणारी वस्तू दूर जाताना दिसते.

तापीकाठ

०४:०६ आणि ०४:३० दोन्ही पाहिल्या, ठिपका नाही. म्हणजे वैश्विक किरण. मुलांना आता फीत न देता २१ ते २४ मेच्या मूळ फ्रेम देतो, दिवसाला दोन. मोजणी तीच करतील. आकडे जुळले नाहीत तर इथेच टाकतो.

लळिंग

दोन फ्रेममधलं अंतर बरोबर २४ तासांचंच असेल असं नाही, मधली एखादी फ्रेम गायब असते. वेळ चित्रावरूनच घ्यायला सांगा.